गाडीची चेन घेताना: ४२८, ५२० म्हणजे नक्की काय आणि आपल्या गाडीला कुठली लागते

चेन घ्यायला गेलं की दुकानदार एकच विचारतो, "गाडी कुठली?" आपण मॉडेल सांगतो, तो मागच्या रॅकवरून डबा काढतो, आपण पैसे देतो आणि निघतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा नाहीतर ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे, सगळीकडे हेच चालतं, आणि गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर बहुतेक वेळा जमूनही जातं. पण गाडी सेकंड हँड असेल, आधीच्या मालकाने काही बदललेलं असेल, तर मॉडेलचं नाव सांगून काहीच उपयोग नाही.

माझ्याबरोबर हेच झालं. भांडुपला राहतो, रोज एलबीएस रोडने कुर्ल्यापर्यंत जाणं-येणं, गाडी १५० सीसी, दुसऱ्याकडून घेतलेली. जुलैमधल्या एका रविवारी बिल्डिंगच्या स्टिल्टखाली गाडी खोलली, बाहेर धो धो पाऊस, जुनी चेन काढून टाकली, नवी चढवली आणि दोन टोकं जुळेचनात. मागचं चाक अॅडजस्टरमध्ये होतं नव्हतं तेवढं पुढे ढकललं तरी मध्ये बोटभर फट राहिली. चेन ४२८ च होती, नंबर बरोबर होता, मग कमी का पडली? शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्या काकांना बोलावलं, त्यांनी आल्या आल्या मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीवर, अंगठा ठेवला आणि म्हणाले, "अरे बाळा, आधी दात मोज." मोजले तर कंपनीपेक्षा चार दात जास्त! आधीच्या मालकाने पिकअप वाढवायला मोठं स्प्रॉकेट टाकलेलं, त्यामुळे गाडीला ११६ नाही तर ११८ कड्यांची चेन लागत होती. त्या दिवसापासून मी चेनचा सगळा हिशोब नीट शिकून घेतला आणि तोच इथे लिहितोय, कारण हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही, एक फूटपट्टी आणि वीस मिनिटं पुरतात.

नंबर कसा वाचायचा

चेन जरा पुसून घ्या, कडीच्या बाहेरच्या पट्टीवर बारीक अक्षरात काहीतरी ठोकलेलं दिसेल, एका बाजूला कंपनीचं नाव आणि एक आकडा: ४२०, ४२८, ५२०, ५२५, ५३०. हा आकडा म्हणजे मजबुतीचे मार्क नाहीत. लोक समजतात ५२० म्हणजे ४२८ पेक्षा भारी, तर आपण भारीवाली टाकू. असं नसतं, हे माप आहे, चपलेच्या नंबरासारखं.

पहिला आकडा पिच सांगतो. पिच म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ते इंचाच्या आठव्या भागात मोजतात. ४ म्हणजे ४/८ इंच, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. ५ म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिमी.

आता काकांनी दाखवलेली गंमत बघा, मला ती अजून आवडते. चेन कळकट असेल, नंबर झिजलेला असेल, काही वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. चेन ताणून धरा, कुठल्याही एका पिनच्या मध्यावर फूटपट्टीचा शून्य लावा आणि तिथून पुढे आठ घरं मोजा, म्हणजे शून्यावरची पिन सोडून पुढची आठवी पिन. ती ४ इंचावर आली तर चेन ४ सिरीजची, ५ इंचावर आली तर ५ सिरीजची. पिचच मुळात अष्टमांश इंचात आहे, त्यामुळे आठ घरांची लांबी इंचात जेवढी येते तोच पहिला आकडा. चेन झिजलेली असेल तर पट्टीवर दीड-दोन मिमी पुढे दिसेल, पण ४ आणि ५ मध्ये गोंधळ होणं शक्य नाही.

पुढचे दोन आकडे रुंदीचे. रुंदी म्हणजे आतल्या दोन पट्ट्यांमधली जागा, जिथे स्प्रॉकेटचा दात बसतो. २० म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. २५ म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. ३० म्हणजे ३/८ इंच, ९.५३ मिमी. हिशोब सोपा आहे, आकड्याला ८० ने भागायचं की इंच मिळतात. फक्त आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणारी ४२८ याला अपवाद आहे, २८ ला ८० ने भागून तिची रुंदी येत नाही, तिची आतली रुंदी पण ५/१६ इंचच, ५२५ एवढी. तेवढं एक लक्षात ठेवून द्यायचं.

तिसरं माप नंबरात लिहिलेलं नसतं आणि फसगत तिथेच होते: रोलरची, म्हणजे आतल्या दोन पट्ट्यांमधल्या फिरत्या नळीची, जाडी. ४२० चा रोलर ७.७७ मिमी, ४२८ चा ८.५१ मिमी. पिच दोघांचाही अर्धा इंच, त्यामुळे हातात घेतल्या तर दोन्ही चेन सारख्याच वाटतात, पण ४२० च्या स्प्रॉकेटवर ४२८ चढवली तर जाडा रोलर दातांच्या खोबणीत तळापर्यंत बसत नाही, वरवर राहतो आणि दात खात जातो. उलट केलं तर ४२० ची चेन अरुंद, ती ४२८ च्या जाड दातावर उतरणारच नाही. ५२०, ५२५, ५३० या तिघींचा पिच एकच आणि रोलरही एकच, १०.१६ मिमी, फरक फक्त रुंदीचा. म्हणून ५३० ची चेन ५२० च्या स्प्रॉकेटवर बसल्यासारखी दिसते, पण आडवी हलत राहते. "बसतेय ना, चालेल" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. चेन, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, तिघांचाही नंबर एकच पाहिजे.

कोणाला काय येतं हे ढोबळ सांगायचं तर आपल्या रस्त्यावरच्या १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्या ४२८ वर चालतात, त्याच्या वर ५२० सुरू होते, ड्यूक ३९० ला ५२० आहे, आणि हायाबुसासारख्या अवाढव्य गाडीला ५३०. स्कूटरवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल, पेट्रोलवरच्या आजच्या गिअरलेस स्कूटरला चेन नसते, बेल्ट असतो. आणि इंजिनच्या आतली टायमिंग चेन ही वेगळी भानगड, तिचा याच्याशी काही संबंध नाही, दुकानात बोलताना दोन्ही एक करू नका.

नंबरामागे कधी कधी अक्षर असतं. ४२८एच मधला एच म्हणजे हेवी, पट्ट्या जरा जाड. पिच, आतली रुंदी, रोलर सगळं ४२८ चंच, त्यामुळे स्प्रॉकेट तेच चालतात. डबल सीट, सामान, रोजचं सिग्नल-टू-सिग्नल असेल तर मी एचच घ्या म्हणेन. फक्त पिन थोड्या लांब असल्याने चेन बाहेरून जाड होते, तर बसवल्यावर चेन कव्हरला आणि इंजिनच्या केसिंगला घासत नाही ना ते चाक हाताने फिरवून बघा.

कड्या मोजणं

डब्यावर ४२८ च्या पुढे अजून एक आकडा असतो, ११४, ११६, ११८, १२० वगैरे, त्या कड्या. मोजताना प्रत्येक घर मोजायचं, आतल्या पट्ट्यांचं पण आणि बाहेरच्या पट्ट्यांचं पण. पुष्कळ जण फक्त बाहेरच्या पट्ट्या मोजतात आणि ५८ आल्या म्हणून गोंधळतात, ५८ बाहेरच्या म्हणजे ५८ आतल्या, एकूण ११६. आकडा सम यायला हवा, कारण आत-बाहेर अशी जोडी असल्याशिवाय टोकं जुळत नाहीत. विषम आला म्हणजे मोजायला चुकलात. मी लॉकच्या कडीपासून (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) सुरू करतो, खडूने खूण करतो आणि दर दहा कड्यांवर परत खूण, म्हणजे मध्ये कोणी हाक मारली तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

मग दात मोजा. मागच्या स्प्रॉकेटवर बहुतेक वेळा आकडा ठोकलेला असतो, तरी स्वतः मोजा. पुढचं स्प्रॉकेट बघायला इंजिनच्या बाजूचं छोटं कव्हर काढावं लागतं, दोन-तीन बोल्ट असतात, आत वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस आणि माती थापलेली असेल ती पण त्याच वेळी खरवडून टाका.

आता दात आणि कड्यांचं नातं. पुढचे-मागचे मिळून दोन दात वाढले की साधारण एक कडी जास्त लागते. कडी एकट्याने वाढवता येत नाही, म्हणून चार दात वाढले की दोन कड्या. माझ्या गाडीचं ११६ चं ११८ झालं ते असं. एखादा दात इकडे-तिकडे असेल तर अॅडजस्टर सांभाळून घेतो.

दात बदलायचे की नाही हा प्रश्न लोक मला नेहमी विचारतात. मागचे दात भागिले पुढचे दात, हा रेशो. ४२ ला १४ म्हणजे ३. पुढे १३ टाकलं तर ३.२३ होतो, पिकअप वाढतो, पण त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरतं. पुढे १५ टाकलं तर २.८, हायवेला इंजिन शांत, पण पवईच्या चढावर डबल सीट असताना गिअर पाडावा लागणार. पुढचा एक दात म्हणजे मागच्या तीन दातांएवढा फरक, म्हणून पुढे हात लावताना जपून. आणि गाडी स्पीड गिअरबॉक्सच्या बाजूने मोजत असेल तर दात बदलल्यावर स्पीडोमीटर चुकीचा आकडा दाखवेल, पुढच्या चाकावरून मोजत असेल तर काही फरक पडत नाही. माझं प्रामाणिक मत, मुंबईच्या ट्रॅफिकसाठी कंपनीने दिलेला रेशोच ठेवा. मी स्वतः नंतर कंपनीच्या दातांवर परत आलो आणि गाडी पुन्हा मनासारखी चालायला लागली.

बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं

चेन "लांबते" म्हणतात पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्या भोवतीचं बुश झिजतं, केसाएवढी फट पडते, आणि शंभरच्या वर कड्यांच्या फटी मिळून चेन लांब होते. पिन, बुश आणि त्यावर फिरणारा रोलर ही रचना हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला १८८० मध्ये काढली, आज आपल्या गाडीखाली तीच आहे आणि झिजते पण तिथेच.

मोजायचं असं: खालचा भाग ताणून धरा आणि वीस घरं मोजा. नवीन ४२८ ला वीस घरं बरोबर २५४ मिमी, ५२० ला ३१७.५ मिमी. साधारण २ टक्के वाढ ही शेवटची हद्द, म्हणजे ४२८ ला २५९ आणि ५२० ला ३२३ च्या आसपास. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. दोन-तीन जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. चांगली चेन दाताला चिकटून राहते. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन संपली. दातांकडे पण बघा, नवीन दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो, झिजलेला एका बाजूला कलतो, लाट फुटताना वाकते तसा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी कळकळीने सांगतोय ती: नुसती चेन बदलू नका. मागे एकदा एका गॅरेजमध्ये मला सांगितलं, "स्प्रॉकेट अजून चालेल, चेनच टाका, पैसे वाचतील." वाचले नाहीत. जुन्या वाकड्या दातांनी नवी चेन काही महिन्यांत खाल्ली आणि एका संध्याकाळी सायनच्या फ्लायओव्हरवर चढताना चेन दातांवरून उडाली, कडाड आवाज, गाडीला हिसका, मागे बस. काही झालं नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच, म्हणजे पूर्ण चेन सेट.

साधी की ओ-रिंग

साध्या चेनमध्ये पिनपर्यंत तेल आपणच पोचवायचं. ओ-रिंगवाल्यात कारखान्यातच ग्रीस आत भरून बाजूंना रबरी रिंगने बंद केलेलं असतं. एक्स-रिंग म्हणजे त्याच रिंगचा कापलेला आकार इंग्रजी एक्ससारखा, घर्षण कमी, सील जास्त चांगलं. आपल्याकडे चार महिने पाऊस, सबवेत साचलेलं पाणी, बाकीचे आठ महिने मेट्रोच्या कामांची धूळ आणि खारी हवा, अशात साध्या चेनचं तेल टिकत नाही. म्हणून गाडीला आधीपासून ओ-रिंग असेल तर पैसे वाचवायला साधीवर उतरू नका, आणि साधी असेल तर तुमच्या मापात सीलवाली मिळते का विचारा, महाग पडते पण जास्त चालते. ती पण बाहेरून जाड असते, त्यामुळे कव्हरला घासण्याची तपासणी इथेही करा. ज्या गाड्यांना पूर्ण बंद चेन कव्हर आहे त्यांची साधी चेन मात्र मजेत चालते, तिथे जास्त खर्चाची गरज नाही.

ब्रँडमध्ये आपल्याकडचे रोलॉन, डायमंड, रॉकमन, जपानचे डीआयडी, आरके, सगळेच चांगले. डब्याकडे न बघता चेनकडे बघा. डबा दुकानातच उघडा, पट्टीवर नाव आणि नंबर स्पष्ट ठोकलेला आहे का, डब्यावरचा आणि चेनवरचा नंबर एकच आहे का, लॉकची पाकीट आत आहे का. जुनी चेन आणि दोन्ही जुने स्प्रॉकेट गोणपाटात बांधून सोबत न्या, काउंटरवर नव्याशेजारी ठेवा, बोल्टची भोकं जुळतात का तेही कळतं.

बसवताना

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल, चावी काढलेली. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन फिरवत साफ करणारे मी पाहिलेत, हात जोडून सांगतो करू नका, बोट चेन आणि दातामध्ये गेलं की परत येत नाही. चाक हातानेच फिरवा.

नवी चेन ओढायची सोपी युक्ती म्हणजे जुन्या चेनचं एक टोक नव्या चेनच्या टोकाला लॉकने जोडायचं आणि जुनी ओढून काढायची, नवी आपोआप पुढच्या स्प्रॉकेटवरून फिरून येते. पण स्प्रॉकेट पण बदलायचे असतील तर जुनी चेन काढावीच लागते, तेव्हा आधी ते चढवा आणि मग नवी चेन ओवा. आणि पुढच्या स्प्रॉकेटचा बोल्ट घट्ट असेल तर तो जुनी चेन काढायच्या आधीच सैल करा, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला लावा, चेन निघाल्यावर स्प्रॉकेट नुसतं फिरत राहतं. मी हे पहिल्यांदा उलटं केलं आणि अर्धा तास गेला.

क्लिपवालं लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला. वरच्या बाजूची चेन मागून पुढे इंजिनकडे जाते, म्हणजे लॉक वर असताना माशासारखी दिसणाऱ्या क्लिपचं तोंड इंजिनकडे, उघडी शेपटी मागे. उलटी बसली तर काही अडकून ती निघू शकते, आणि सुटलेली चेन इंजिनचं केसिंग फोडू शकते. ५२० च्या गाड्यांना बहुतेक वेळा रिव्हेटचं लॉक येतं, त्याला हत्यार लागतं, हातोडीने ठोकू नका, ते गॅरेजमध्येच करून घ्या.

मग ढिलाई. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर किती हलते ते मोजायचं, लहान गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी, पण तुमचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर असतो. चाक हळूहळू फिरवत जा, जिथे चेन सगळ्यात टाइट लागते तिथेच मोजा. ढिल्यापेक्षा टाइट चेन जास्त वाईट, कारण डबल सीट बसलं, खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की चेन अजून ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. मागच्या चाकाचा एक्सल नट सैल करा, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवा, दोन्हीकडच्या खुणा जुळवा, मग मागे बसून एका डोळ्याने चेन बघा, सरळ रेषेत जायला हवी. नट घट्ट करून परत एकदा ढिलाई मोजा, कारण घट्ट करताना थोडी बदलते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकलं की ब्रेकचा रॉड पण ताणला जातो, पॅडल दाबून बघा आणि चाक मोकळं फिरतंय ना याची खात्री करा, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

तेलाला मी ९० नंबरचं गिअर ऑइल वापरतो, स्प्रे पण चालतो. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश, ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात नको, रबर खराब होतं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, खालच्या भागाच्या आतल्या बाजूला तेल, चाक हाताने फिरवत, मग फडक्याने वरचं पुसून टाका, नाहीतर सगळी धूळ तिथेच चिकटते. एरवी ५०० किमीला, पावसात चिंब भिजून आलात तर त्याच रात्री किंवा सकाळी निघायच्या आधी.

नवा सेट पहिल्या काही दिवसांत बसतो आणि चेन थोडी ढिली होते, त्यामुळे २००-३०० किमी झाले की एकदा परत ढिलाई मोजा, आणि बसवल्याची तारीख, किलोमीटर, चेनचा नंबर, कड्या आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात फोनमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी काउंटरवर "गाडी कुठली?" विचारलं की तो स्क्रीनच पुढे करा.